फलकनुमाचा पाहुणचार

शहराच्या दक्षिणेस, चारमिनारापासून सुमारे ५ किलोमीटर अंतरावर, एका टेकडीच्या माथ्यावर फलकनुमा राजवाडा उभा आहे. शाह अली बंडा, अलियाबाद, इंजनबावली असा रस्ता धरून जाणाऱ्या कोणासही तो दिसल्यावाचून राहत नाही. आमच्या शाळेतील काही विद्यार्थी तर त्याच्या पायथ्याजवळूनच रोज येतात. गेल्या वर्षी नववीच्या वर्गास ‘माझ्या घराजवळील ऐतिहासिक वास्तू’ हा निबंधाचा विषय दिला असता एका मुलीने फलकनुमावर चार पाने लिहिली आणि शेवटी एक ओळ जोडली : “बाई, मी हा राजवाडा आतून पाहिलेला नाही.” निबंधास गुण देऊन झाले, वह्या परत गेल्या, पण ती ओळ काही केल्या मनातून जाईना. प्रस्तुत लेख म्हणजे त्या ओळीस दिलेले, जरा लांबलेले उत्तर होय.

प्रथम नावाविषयी. मराठीत ‘फलक’ म्हणजे पाटी. त्यामुळे आमच्यातील काही बालमंडळींस टेकडीवर एखादी प्रचंड पाटी असावी असे वाटत असते! फारसीतील ‘फलक’ मात्र आकाश, आणि ‘नुमा’ म्हणजे दाखविणारा, सारखा दिसणारा. आकाशासारखा, आकाशाचे दर्शन घडविणारा, तो फलकनुमा. हा राजवाडा बांधला नवाब विकार-उल-उमरा यांनी. ते पायगा घराण्यातील सरदार असून १८९३ पासून १९०१ पर्यंत हैदराबाद संस्थानाचे दिवाण होते. पायगा हा शब्दही आपल्या ओळखीचा आहे. घोडदळाच्या तळास आपण जी ‘पागा’ म्हणतो, तिचे व याचे मूळ एकच. निजामासाठी फौज बाळगावी व त्याबद्दल जहागिरी उपभोगाव्या, असा या सरदारांचा अधिकार होता.

बांधकामास १८८४ साली प्रारंभ झाला आणि ते पुरे व्हावयास सुमारे ९ वर्षे लागली. संगमरवर इटलीहून आला. ग्रंथालय इंग्लंडच्या विंडसर किल्ल्यातील ग्रंथालयाच्या धर्तीवर सजले, आणि भोजनगृहात एकाच वेळी १०१ पाहुणे बसू शकतील असे लांबलचक मेज मांडले गेले. एवढा खर्च दिवाणांनाही झेपेना, असे सांगतात. १८९७ च्या सुमारास राजवाडा सहावे निजाम मीर महबूब अली खान यांच्याकडे गेला व संस्थानाचे राजेशाही अतिथिगृह बनला. पुढे इंग्लंडचे राजे झालेले पाचवे जॉर्ज येथे उतरले होते. निजामाने राजवाड्याचे जे मोल दिले असेल, ते संस्थानाच्या खजिन्यातून गेले. आणि त्या खजिन्यात तेलंगणाच्या व कर्नाटकाच्या शेतकऱ्यांप्रमाणेच तेव्हाच्या औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड व उस्मानाबाद या जिल्ह्यांतील मराठी शेतकऱ्यांचा सारा जमा होत असे. आपल्यापैकी पुष्कळांचे पणजोबा त्या शेतकऱ्यांतलेच. तेव्हा ‘त्या राजवाड्याशी आमचा काय संबंध?’ असे म्हणण्याची सोय आपणास उरत नाही.

१९४८ साली संस्थान भारतात विलीन झाले. १९५१ मध्ये राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद येथे उतरले; ते या राजवाड्याचे अखेरचे मोठे पाहुणे. त्यानंतर जवळजवळ अर्धे शतक दारे बंद राहिली. ज्या घरात माणूस राहत नाही, ते घर आपोआप खचू लागते, हे कोकणातल्या माणसास निराळे सांगावयास नको. दोन पावसाळे कौले चाळली नाहीत की वाशांना वाळवी लागलीच. येथे तर शेकडो वस्तू धूळ खात पडलेल्या. २००० साली ताज हॉटेल समूहाने राजवाडा भाडेपट्ट्याने घेतला. निजाम घराण्यातील राजकन्या एसरा यांच्या देखरेखीखाली दहा वर्षे दुरुस्ती चालली, आणि नोव्हेंबर २०१० मध्ये ६० खोल्यांचे हॉटेल म्हणून त्याची दारे पुन्हा उघडली.

आता प्रश्न असा, की हे हॉटेल विकते तरी काय? नरम गादी, थंड हवा व गरम पाणी या गोष्टी शहरातील कितीतरी हॉटेलांत मिळतात. फलकनुमात पाहुणा येतो तो एका कथेत राहावयास. मोटार खाली सोडून त्याने घोड्यांच्या बग्गीत बसावयाचे. बग्गी दारापाशी थांबली की वरून गुलाबाच्या पाकळ्यांचा वर्षाव व्हावयाचा. मग कोणी जाणकार त्यास दालने दाखवितो, निजामांच्या गोष्टी सांगतो. रात्री हैदराबादी पद्धतीचे जेवण, कधी कव्वालीची मैफल. म्हणजे खोलीच्या भाड्यात भिंतींचे मोल थोडे व त्या भिंतींभोवती विणलेल्या चालीरीतींचे मोल फार. एका रात्रीचे ते भाडे पुष्कळ शिक्षकांच्या महिन्याच्या पगाराशी स्पर्धा करू शकेल. मुक्कामास नसलेल्यांनाही चहापानासाठी वा भोजनासाठी आगाऊ जागा राखून जाता येते. एकदा नात्यातील पाहुण्यांच्या आग्रहाखातर मी तशी गेले होते. चहा उत्तमच होता. पण मला आठवतो तो सज्जातून दिसणारा देखावा. खाली दाटीवाटीची घरे, गच्च्यांवर वाळत घातलेले कपडे, मशिदींचे मिनार आणि दूरवर आगगाडीची शीळ. आपल्याच शहराकडे मी त्या दिवशी प्रथमच पाहुणी म्हणून पाहिले. थोडे सुखावह वाटले आणि थोडे चमत्कारिकही.

या ठिकाणी एका विसंगतीकडे लक्ष वेधणे अवश्य आहे. ‘स्थानिक संस्कृतीचे दर्शन’ म्हणून आज ज्या वास्तूची ख्याती आहे, ती बांधली गेली तेव्हा तिच्यात स्थानिक असे फार थोडे होते. इटालियन दगड, विलायती थाटाची सजावट, जिन्यालगत इंग्रज अधिकाऱ्यांची चित्रे : दिवाणांचा सगळा अट्टहास आपण युरोपपेक्षा कमी नाही हे दाखविण्याचा होता. आज युरोपातला पाहुणा तेथे येतो तो मात्र ‘निजामी’ वातावरण शोधीत. म्हणून बग्गी, पाकळ्या, आदाब व कव्वाली यांची वस्त्रे त्या इटालियन देहावर चढवावी लागली. त्यात लबाडी आहे असे मी म्हणणार नाही. पाहुण्यास काय आवडेल ते ओळखून घर सजविणे हा पाहुणचाराचाच भाग होय. परंतु सजविलेले घर व नांदते घर यांतील भेद विद्यार्थ्यांनी ओळखला पाहिजे.

नांदते घर पाहावयाचे असेल तर टेकडी उतरून थोडे पुढे जावे. तेथे बारकस नावाची वस्ती आहे. ‘बरॅक्स’ या इंग्रजी शब्दाचे हे दख्खनी रूप. अरबस्तानातील हद्रमौत प्रांतातून निजामाच्या फौजेत आलेल्या शिपायांचे वंशज येथे राहतात. आपण ज्यांस चाऊस म्हणतो, तेच हे लोक. गहू व मांस तासन्‌तास शिजवून, घोटून केलेला हरीस येथे सकाळी न्याहारीस मिळतो. त्याचाच मसाल्यांनी नटलेला हैदराबादी भाऊ म्हणजे हलीम. त्यास २०१० साली भौगोलिक मानांकन लाभले, आणि मांसाहारी पदार्थास असा मान मिळण्याची देशातील ती पहिलीच वेळ. (मी स्वतः मत्स्याहारापुढे गेलेली नाही, तेव्हा चवीविषयीची साक्ष इतरांची.) याच मंडळींच्या व आफ्रिकेतून आलेल्या सिद्दी शिपायांच्या परंपरेतून ‘मर्फा’ हे ढोलवादन हैदराबादच्या लग्नमिरवणुकांत आले. वरात निघाली की मर्फ्याच्या तालावर सारी गल्ली नाचते, आणि त्यासाठी कोणास आगाऊ जागा राखावी लागत नाही.

कव्वालीचेही तसेच. दर्ग्यात जी कव्वाली होते, तिला ऐकणारा हा अर्धा भागीदार असतो. एखाद्या ओळीवर श्रोता हेलावला तर गाणारा तीच ओळ पुनःपुन्हा घेतो, तिला नवनवी वळणे देतो. श्रोते उठून पुढे नजराणा ठेवतात. किती वेळ झाला हे कोणी पाहत नाही. जेवणाच्या मेजांपुढे गाताना कव्वालास घड्याळ पाहावे लागते. गळा तोच, शब्द तेच, कदाचित बिदागीही चांगली. पण गाण्याचा धनी बदललेला असतो.

हे लिहिताना मला आमच्या गोव्याची आठवण होते. माझे माहेर पेडण्याचे. चवथीच्या दिवसांत रात्री जेवणखाण आटोपले की शेजारपाजारच्या बायका गणपतीपुढे फुगडीस जमत. माझ्या आत्याचा श्वास लागे, केस सुटत, आणि तरी ती सून म्हणून वर्षभर जे बोलू शकत नसे ते फुगडीच्या गाण्यात सासूच्या समोर बोलून घेई. पुढे पणजीस मांडवी नदीत फिरणाऱ्या पर्यटकांच्या बोटीवर मी हीच फुगडी पाहिली. मुली तरबेज होत्या, लुगडी झकपक होती. पण त्या गाण्यात टोमणा कोणास मारावयाचा? समोर तर सारे अनोळखी लोक खुर्च्यांवर बसलेले. तेथे फुगडीचा आकार तेवढा होता. त्या मुलींना मी दोष देत नाही. हंगामात त्यांना चार पैसे मिळत, आणि त्या पैशांतून एखादीचे शिक्षण होत असेल तर आमच्या भावनिक कुरकुरीस काय किंमत?

या ‘चार पैशां’चे एक उदाहरण माझ्या परिचयाचे आहे. आमच्या एका माजी विद्यार्थ्याचा थोरला भाऊ शहरातल्या एका मोठ्या हॉटेलात वाढप्याचे काम शिकला. मुलगा नांदेडकडचा, घरी ज्वारीची भाकरी खाणारा. तेथे त्यास शेरवानी चढवून, कमरेत वाकून उजवा हात कपाळाकडे नेत ‘आदाब’ कसा करावा याचे रीतसर धडे दिले गेले. एके दिवशी त्याने तो आदाब घरी आजीस करून दाखविला. आजी हसली आणि म्हणाली, “अरे, हात इतका झपकन नाही न्यायचा. आमच्या वाड्यात पलीकडच्या बेगमसाहेब आल्या की मी रोज करीत होते.” जे शिकण्यासाठी त्यास शिक्षक नेमला होता, ते त्याच्या घरात साठ वर्षे होते, फक्त कोणी विचारले नव्हते. आता तो आजीने दुरुस्त केलेला आदाब करतो आणि पाहुणे खूष होतात असे त्याचे म्हणणे आहे. आजीस अर्थातच त्याबद्दल वेतन नाही!

तर मग असली हॉटेले नसावीत काय? तसे म्हणणे सोपे आहे. पण हुसैनी आलम भागातील खुर्शीद जाह देवडी ज्यांनी पाहिली आहे त्यांस ते म्हणवणार नाही. तीही पायगा सरदाराचीच हवेली. कित्येक दशके ती पडझडीत उभी होती, आणि खांबांच्या भव्यतेमुळे तिची दैन्यावस्था अधिकच डोळ्यांत भरे. पैसा नसेल तर इतिहास कोसळतो. १९७१ साली संस्थानिकांचे तनखे बंद झाल्यावर देशातील अनेक राजवाड्यांपुढे हाच प्रश्न उभा राहिला. जयपूरचा रामबाग राजवाडा तर त्यापूर्वीच, १९५७ साली, हॉटेल झाला होता. इतरांनी कालांतराने तीच वाट धरली.

वाट मात्र एकच नाही. आपल्याच शहरातील चौमहल्ला राजवाडा दुरुस्त होऊन २००५ साली सर्वांसाठी खुला झाला. माफक तिकीट काढून कोणीही आत जावे, दरबार दालनातील झुंबरांखाली उभे राहावे, अंगणातल्या कारंज्याकाठी बसावे. त्याच्या जतनकार्यास २०१० मध्ये युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक विभागाचा पुरस्कार मिळाला. स्पेनमध्ये १९२८ पासून जुने किल्ले, मठ व वाडे यांत ‘पारादोर’ नावाची हॉटेले चालविली जातात. ती सरकारच्या मालकीची आहेत, त्यामुळे त्यांचा नफातोटा जनतेच्या खात्यात जातो. जपानमधील ‘रियोकान’ या जुन्या पथिकाश्रमांची तऱ्हा आणखी वेगळी. तेथे पाहुण्यास घराचे नियम पाळावे लागतात : जोडे दाराशी काढावयाचे, घराचा झगा घालावयाचा, जेवण ठरल्या वेळी घ्यावयाचे, झोपावयाचे ते चटईवर अंथरलेल्या गादीवर. पाहुणा कितीही श्रीमंत असो, घराची रीत त्याच्यासाठी वाकत नाही. मला हे फार आवडले. आपल्याकडे पाहुणा देव असतो खरा, पण देवालाही सोवळे-ओवळे पाळावे लागतेच की!

माझ्या माहेरापासून जवळ सावंतवाडीचा राजवाडा आहे. तेथील कथा मुद्दाम सांगण्यासारखी आहे. गंजिफा हा गोल पत्त्यांचा जुना खेळ. दशावतारी गंजिफात दहा अवतारांचे दहा संच व प्रत्येकात १२ पाने, मिळून १२० पाने असतात, आणि प्रत्येक पान हाताने रंगविलेले. पूर्वी कापडाला चिंचोक्याच्या खळीचे थर देऊन ते कडक करीत व वर लाखेचे रोगण चढवीत. छापील पत्ते आले आणि ही कला विझत चालली. १९७० च्या सुमारास सावंतवाडीत ती जाणणारे पुंडलिक चितारी हे वृद्ध कलावंत तेवढे उरले होते. राजे शिवरामराजे भोसले व राणी सत्त्वशीलादेवी यांनी त्यांच्याकडून ती शिकून घेतली, इतर तरुण चिताऱ्यांना राजवाड्यात बसवून काम दिले. पुढे कितीतरी वर्षे तेथे येणाऱ्या माणसास दरबार दालनातच मांडी घालून पाने रंगविणारे कारागीर दिसत. अलीकडे त्या राजवाड्याच्या आवारात एक छोटे हॉटेलही निघाले, आणि त्याच्या सजावटीत गंजिफाचीच चित्रे आहेत. येथे क्रम पाहण्यासारखा आहे. कला आधी जगविली, कारागिराच्या हाती कुंचला दिला, आणि पाहुण्यांसाठी खोल्या मागाहून उघडल्या.

हैदराबादेत हा क्रम लावणे अशक्य नाही. हॉटेलांच्या काचेच्या कपाटांत बिदरीची भांडी मांडलेली असतात. १९५६ पर्यंत बिदर हे हैदराबाद संस्थानाच्या व नंतर राज्याच्या सीमेत होते. आज ते कर्नाटकात आहे. जस्तात थोडे तांबे मिसळून भांडे ओततात, छिन्नीने त्यावर नक्षी कोरतात, कोरलेल्या रेषांत चांदीची तार ठोकून बसवितात, आणि अखेरीस बिदरच्या किल्ल्यातील मातीत नवसागर मिसळून त्याने भांडे घासतात. जस्त काळेभोर होते, चांदी पांढरीच राहते. किल्ल्यातल्या जुन्या भिंतींतली, ऊन-पाऊस न लागलेली माती चांगली, असे कारागीर म्हणतात. काही जण ती जिभेवर ठेवून पारखतात. काचेच्या कपाटात यातले काय दिसते? भांडे व किंमत. त्या किमतीतील किती हिस्सा माती चाखणाऱ्यास पोहोचतो, हे विकत घेणाऱ्याने विचारावे, आणि विकणाऱ्याने न विचारता सांगावे, इतकी अपेक्षा मला अवास्तव वाटत नाही. शहरातल्या शाळांतील मुलांना वर्षातून एखादा दिवस राजवाड्याची दालने दाखवावीत, ही दुसरी. १०१ खुर्च्यांचे ते मेज आमच्या नववीच्या दोन तुकड्यांना अगदी पुरेल. जेवण नसले तरी चालेल.

तूर्त त्या मुलीच्या निबंधास उत्तर म्हणून आम्ही एक बेत केला आहे. फलकनुमापासून काही किलोमीटरांवर, संतोषनगरच्या बाजूस, पिसल बंडा येथे पायगा घराण्याच्या कबरी आहेत. ज्या घराण्याने इटलीहून संगमरवर आणविला, त्यानेच आपल्या माणसांसाठी येथे चुन्याची अशी नाजूक नक्षी करविली, की एका जाळीची वीण दुसरीत सापडणे कठीण. ते काम दख्खनच्या गवंड्यांचे. गेल्या काही वर्षांत त्यांच्या जतनाचेही काम झाले आहे. येत्या सहलीस नववीचा वर्ग तेथे जाईल, वह्या-पेन्सिली घेऊन जाळ्या रेखाटील, आणि तेथून चौमहल्ल्यास. त्या मुलीने आत्ताच विचारले आहे, “बाई, परत येताना बारकसवरून यायचे का?” डबे मात्र घरचेच आणावेत.